राक्षसाच्या बाजूचा माणूस

दुसऱ्या कुणाची नजर गेली की तो देवाला शिव्या देतो, डॉक्टरला देतो, अगदीच कोणी सापडलं नाही तर बायकोला देतो. आमच्या यांना तेवढंही जमलं नाही. हे उठले, भिंत चाचपत मागाच्या खोलीत गेले, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले आणि बोलायचे बंद झाले.

मागावर सूत नव्हतं. शेवटचं लुगडं उतरवल्याला महिने लोटले होते. रिकामा धोटा तेवढा या हातातून त्या हातात फिरायचा. मी ताट घेऊन उंबऱ्यात उभी.

"जेवता काय?"

मी ताट पुढे केलं.

"भाकर घेऊन उभी हाव मी. मानूस हाव, खांब नाही."

धोटा इकडून तिकडे गेला. ताट खड्ड्याच्या काठावर ठेवून मी निघून आले. थोड्या वेळानं पाहिलं तर अर्धी भाकर गेलेली. म्हणजे पोट चालू होतं, तोंड बंद होतं.

डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर येत नाही म्हणाला. उजेड आणि अंधार एवढं कळेल, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. सांगताना त्यानं यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली तेव्हा यांनी हात आडवा धरला होता, लहान पोरानं धरावा तसा. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून काही हलत नव्हता.

रविवारी खापरखेड्याहून हेमराज आला, सुनेला घेऊन. तो तिथं वीजघरात नोकरीला आहे.

"आई, बाबाले आमच्या क्वार्टरवर घेऊन जातो. तिथं पंखा हाय."

"पंख्याले काय करू? मले बोलनारा मानूस पायजे, वारा नाही."

पुष्पलता, माझी सून, खड्ड्याजवळ जाऊन बसली. तिनं सासऱ्यांना हळूच विचारलं, "मामाजी, एखांद्या राक्षसाची गोष्ट सांगा नं." लग्न होऊन आली तेव्हा हिला यांनी अशाच गोष्टी सांगून घाबरवलं होतं. यांनी मान हलवली, बस. पोरगी डोळे पुसत बाहेर आली.

कारण हा माणूस मुका नव्हता हो. मागावर बसला की धोट्याच्या ठेक्यावर याची जीभ चालायची. आणि विषय एकच, राक्षस. शहरात राक्षसाचं इंग्रजी पिच्चर लागलं की हे पहिल्या दिवशी हजर. समुद्रातून निघालेला, बर्फातून निघालेला, अंडं फोडून निघालेला, यांना सगळे चालायचे. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. पण घरी येऊन सांगायला लागले की गल्लीतल्या बायका सुताच्या कांड्या भरायच्या थांबत. शेजारची प्रयागबाई तर चुलीवरचं वरण विसरून उभी राहायची. राक्षस कुठे जन्मला, त्याला काय आवडतं, कोणाचा आवाज ऐकून तो दचकतो, सारं हे सांगत. जसा काही यांचा चुलतभाऊ.

आणि एक खोड. राक्षस मरायच्या आधी हे उठून यायचे. लोक टाळ्या वाजवायला हात सरसावून बसलेले, आणि हे अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर मारबत आणि बडग्यांचे, म्हणजे रोगराई-पीडेचे, पुतळे मिरवत नेतं आणि जाळतं. हे मिरवणुकीत पुढे नाचायचे, पण जाळायची वेळ आली की घरी, माठाजवळ.

मी म्हणायची, "काहो, राक्षस मराले तं असते."

"मरू दे. मी पाहात नाही."

"लोक माणसाच्या बाजूनं असतेत."

"माणसाच्या बाजूनं बंदूक असते नं वं. त्या बिचाऱ्याच्या बाजूनं कोनीतरी पायजे का नाही?"

खाणीतून निघालेल्या राक्षसाचं एक पिच्चर यांचं फार लाडकं. हेमराज पाळण्यात होता तेव्हा आलं होतं. किती वेळा पाहिलं ते टॉकीजच्या दारावरच्या नत्थूजीलाच माहीत. त्या भरात यांनी एका लुगड्याच्या काठात त्या राक्षसाचं नख विणलं, तीन बोटांचं, एकामागून एक, काठभर. व्यापाऱ्यानं ते लुगडं परत पाठवलं. मी नेसले. बायका अजून विचारतात, हे कोणतं पान? मी सांगते, आमच्याकडचं आहे.

तर तो नत्थूजी एका संध्याकाळी दारात आला. टॉकीजवर तिकिटं फाडता फाडता त्याचे केस पांढरे झाले. खड्ड्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "आनंदराव, तो खानीवाला आला नं वापस! शनवारपासून बाराचा शो."

म्हणाला आणि जीभ चावली. बिचाऱ्याच्या ध्यानातच नव्हतं.

पण मी पाहिलं. धोटा थांबला. यांचा चेहरा वर आला, आवाजाच्या दिशेनं नाही, त्याच्याही वर, जिथं पडदा असतो तिथं.

नत्थूजी गेल्यावर मी खड्ड्याच्या काठाशी बसले. "शनवारी जाचं."

किती दिवसांनी यांचा आवाज आला. घासलेला, गंजलेल्या कडीसारखा. "मी काय पाहू?"

"तुम्ही नका पाहू. मी पाहीन."

शनिवारी मी तेच नखाचं लुगडं नेसले. सायकलरिक्षातून गेलो. नत्थूजीनं आम्हाला हाताला धरून मधल्या रांगेत बसवलं. दुपारच्या शोला माणसं तुरळक होती. काही रिक्षावाले, काही कॉलेजची पोरं, पुढे कोणीतरी घोरत होता. दिवे गेले. मला त्या अंधाराची कधी आवड नव्हती. लग्नानंतर एकदा आले होते, पहिल्या किंकाळीला उठून गेले होते. पण त्या दिवशी अंधार आला आणि मला वाटलं, आता आम्ही दोघं सारखे झालो.

"काय हाय?" हे कुजबुजले.

"पहाड हाय. धूर. लोक टोप्या घालून खाली उतरून राहिले."

"लिफ्टीनं?"

"पाळण्यासारखं हाय काहीतरी, साखळीचं."

"हां," हे म्हणाले, आणि पाठ टेकून बसले.

पिच्चर चालू राहिलं. गोरी माणसं बोलत होती, बोलतच होती. राक्षसाचा पत्ता नाही. मी वैतागले. "एवढं काय बोलतेत? पाव्हना येनार हाय तं येऊ द्या नं."

मागून एक पोरगा ओरडला, "ओ मावशी, पिच्चर पाहू द्या!"

"पाह्य नं बापा. तुले डोये हायेत तं पाह्य. याहिले नाहीत, म्हनून मी बोलून राहिली."

मागची खुर्ची करकरली, पोरगा नीट बसला.

आणि तो आला. भिंत फुटली, धूळ उडाली, धुळीतून तो बाहेर आला. काय सांगू? माझा जीवच खचला. रबराचा होता हो. गुडघ्याशी सुरकुत्या पडत होत्या, ओल्या पोत्यासारख्या. वळला तेव्हा पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन दिसली, हेमराजच्या थंडीच्या कोटाला असते तशी. आत कोणीतरी माणूस घामेजून चालत असणार. यासाठी हा माणूस जन्मभर पळत होता? यासाठी मी एकटीनं रात्रीचं ताट झाकून ठेवलं?

"आला नं?" यांनी माझा हात दाबला. "कसा हाय?"

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडाला गल्ली घाबरते, कारण त्यातून आहे तेच निघतं.

"मारबतीएवढा उंच हाय," मी म्हटलं. "त्याच्याहून उंच. आंगावर सुताच्या लड्या लोंबून राहिल्या, काया सुताच्या, खळीतून आत्ता काढल्यासारख्या. चालते तं थेंब पडतेत."

"अन् डोये?"

पडद्यावर माणसांनी कंदील वर केले होते. उजेड त्याच्या तोंडावर पडला तसा त्यानं हात आडवा धरला. अगदी तसाच. मला पुढे दिसेना थोडा वेळ.

"काय झालं?"

"काही नाही. डोये लहान हायेत त्याचे. पन तो डोयानं नाही पाहात. हातानं पाहाते. भिंतीले हात लावून त्याले समजते कोन आलं, कोन गेलं. खानीत अंधारच असते नं, तिथं डोयाचं काय काम?"

माझा हात सोडून यांनी माझ्या पदराचा काठ धरला.

त्यानंतर मी बोलतच गेले. पडद्यावर काय चाललंय ते मधूनमधून पाहायची, बाकीचं आपोआप येत होतं. राक्षस गावातून हिंडतो आणि कोणाची झोप मोडत नाही. विहिरीत डोकावतो. वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जातो, एकही पडू देत नाही. पडद्यावर तो मोटार उलटी करत होता, ते मी गाळलं. बाहेर दुपार असेल, ऊन असेल, हे मी विसरले. मला सुताच्या खळीचा वास येत होता. कुठेतरी धोटा चालल्यासारखा ठेका होता, तो पिच्चरच्या मशीनचा असेल.

मग शेवट जवळ आला. बंदूकवाली माणसं खाणीच्या तोंडाशी जमली. हे जागेवर चुळबुळले.

"चाल. उठ वं."

"मी नाही उठत."

"चाल म्हनतो नं."

"पुरं पाह्यल्याबगर मी जागची हलत नाही. जाचं असन तं जा एकटे."

एकटे कुठे जाणार? बसले. पदर मुठीत आवळला. माझ्या मानेला ओढ लागली एवढा.

तेवढ्यात पिच्चरची पट्टी तुटली. पडदा पांढरा झाला, मग काळा. एरवी अशा वेळी टॉकीजमध्ये शिट्ट्या आणि शिव्या उठतात. मला मात्र थांबायचं सुचलंच नाही. अंधारात माझा आवाज चालू राहिला.

"तो खानीच्या तोंडाशी उभा हाय. लोक पाहून राहिले, तोबी पाहून राहिला. तो काही करत नाही. मंग तो मागं वळते. एक हात भिंतीले लावते, अन् हळूहळू आत जाते. लड्या आधी दिसतेत, मंग पाय दिसतेत, मंग थेंबाचा आवाज तेवढा येते."

अख्ख्या टॉकीजमध्ये कोणी हललं नाही. पुढचा घोरणाराही जागा झाला असावा. मागून तोच पोरगा हळूच म्हणाला, "मंग, मावशी?"

"मंग काय? गेला."

आणि पट्टी जोडली गेली. पडदा लखकन उजळला, आणि त्या मेल्यांनी बॉम्ब लावला. एवढा मोठा आवाज झाला की खुर्ची हादरली. यांचं अंग ताठ झालं. पडद्यावर तो रबराचा गोळा आडवा पडला होता आणि एक गोरी बाई एका गोऱ्या माणसाच्या गळ्यात पडत होती.

"हे काय वाजलं?"

"खानीचं तोंड बुजलं. आतून त्यानंच लावून घेतलं. कोनी मागं येऊ नये म्हनून."

कोपऱ्यातून कोणीतरी शिट्टी मारायला घेतली. "चूप बे," मागचा पोरगा म्हणाला. शिट्टी अर्ध्यावर राहिली. दिवे लागेपर्यंत कोणी टाळी वाजवली नाही.

बाहेर ऊन नुसतं ओतत होतं. यांनी सवयीनं कपाळावर हात धरला, मग स्वतःच खाली घेतला. पदराचा काठ दुसऱ्या हातात होताच. रिक्षा निघाली. रेल्वेच्या फाटकाशी थांबावं लागलं. मालगाडी जात होती, कोळशाची, डब्यामागून डबा, संपता संपेना. ती संपल्यावर हे बोलले.

"काय वं, त्याच्या पाठीवर एक चेन होती. मानेपासून कमरेपर्यंत. तू सांगितली नाही."

मी रुळांकडे पाहिलं.

"लड्याबी नव्हत्या. रबर होतं. मी तवा पाह्यलं नं, चांगल्या डोयानं."

"मंग?"

"काही नाही. लड्या बऱ्या होत्या." यांचा अंगठा माझ्या काठावरून फिरत होता, एका नखावरून दुसऱ्या नखावर. ओठ किंचित हलले, हसण्यासारखे. मग ते हसू गेलं. "पन तो आखरीचा आवाज लय मोठा होता. खरं सांग मले. मारलं नं त्याले?"

रिक्षावाल्यानं पायडल मारायचं सोडून मान वळवली. फाटक उघडलं होतं, मागून घंट्या वाजत होत्या. वाजू दे. ऐकायचं त्यानं ऐकावं.

"आयका," मी म्हटलं. "जलमभर तुम्ही शेवट आला का उठून पयत होते. मारबतीपासून पयाले, पिच्चरपासून पयाले. शेवट मी पाह्यला, तुम्ही नाही पाह्यला. डोये माहे हायेत. मी म्हनते तो आत गेला, म्हंजे गेला. त्यानं जावं खानीत, त्याचं घर हाय तिथं. तुमचं नाही. उद्यापासून ताट चुलीजवळ लागन. खड्ड्यात मी भाकर आनून देनार नाही."