पांढरी एक

माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर नमुने चाळण्याचा. मी कपडे दुरुस्त करून देते आणि थोडं नवं शिवते. एखादी बाई येते, कापड टेबलावर टाकते आणि गळ्यांचे नमुने बघत बसते. हा नको, तो बघू, हा बरा आहे, पण तो मघाचा पुन्हा दाखवा ना. तासाभराने कापड उचलून जशी आली तशी घरी. अशा बाईला मी तोंडावर विचारते, "अहो, कधीतरी कात्री लावायची आहे की नाही?" हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही हसलात तर मला बोलायला जागा नको.

मी कीबोर्ड वाजवते. सतरा वर्षं झाली. कुणी शिकवलं नाही, आपलं आपण ऐकून ऐकून बसवलं. माझा भाऊ, म्हणजे दादा, गातो आणि मी साथ करते. घरातल्या घरात, ओळखीच्यांच्या वाढदिवसाला, असंच. लोक म्हणतात, "काय बाई, उपजतच आहे हो!" मी म्हणते, "छे, कसलं काय," आणि पुन्हा एकदा म्हणावं म्हणून थांबते.

आता एक गोष्ट, जी मी सतरा वर्षांत नवऱ्यालाही सांगितलेली नाही. मला एकाच पट्टीत, म्हणजे एकच सा धरून, वाजवता येतं. पांढरी एक. तिथून बोटं हलवली की माझं सगळं ज्ञान संपतं. दादा गातो काळी दोनमध्ये, आणि त्याचा हट्ट असा की काळी दोनच्या खाली तो उतरणार नाही, मग समोर कुणीही असो. पण कीबोर्डला डाव्या कोपऱ्यात एक बटण असतं. एकदा दाबलं की सगळे सूर एक पाऊल वर सरकतात. ते तीनदा दाबायचं. हात आपले पांढरी एकवरच फिरतात, आवाज मात्र काळी दोनमधून येतो. दादाला सतरा वर्षं वाटत आलं की बहीण आपल्यासाठी पट्टी बदलते. मी कशाला त्याचा गैरसमज दूर करू?

सगळं बरं चाललं होतं. मग लेकीचं लग्न ठरलं, आणि निघालं काय, तर मुलाची आई पियानो शिकवते. तीस वर्षं! बोलण्याचालण्यात मऊ, कधी आवाज चढवायचा नाही, बोटं लांबसडक. मला ती बाई पहिल्या दिवसापासून खुपली. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा लेकीने कौतुकाने मला वाजवायला बसवलं. दादाही होता. मी बटण दाबलं, वाजवलं. विहीणबाई शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "छान ठेका आहे तुमचा." ठेका! मीठ छान आहे म्हणावं तसं.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, लग्नानंतरच्या जेवणाच्या हॉलमध्ये मोठा पियानो आहे. आजीचं गाणं तू वाजवायचं आणि मामाने म्हणायचं. दुसरं काही नको मला त्या दिवशी."

आजीचं गाणं म्हणजे माझी आई तिला झोपवताना म्हणायची ते. आई गेली तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. तिने आजवर माझ्याकडे हट्टाने असं काही मागितलेलं नाही. मी म्हटलं, "अगं, माझा कीबोर्डच आणते ना." तर म्हणते, "आई, तिथे पियानो असताना?" आणि विहीणबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "वाटलं तर या माझ्याकडे. चार दिवस बसू."

माझं डोकंच फिरलं. "कशाला?" मी म्हटलं. "पियानो काय आणि कीबोर्ड काय, एकच की."

बोलून बसले. हातात तीन महिने होते, आणि पियानोला बटण नसतं.

विहिणीकडे जाणं शक्यच नव्हतं. तिच्यापुढे बसून पांढरी एक, पांढरी दोन करत बसू? त्यापेक्षा हॉलला आग लागलेली परवडली. तेव्हा घरच्या घरी, गुपचूप शिकवणारा कोर्स घ्यायचा ठरवला. फोनवर असे कोर्स पोत्याने आहेत आणि बहुतेकांचा पहिला धडा फुकट असतो. म्हटलं, घाई नको. नीट पारखून घेऊ. एकदाच घ्यायचा तर चांगलाच घेऊ.

पहिला निघाला 'एकवीस दिवसांत पियानो'. शिकवणारा तरुण, सगळे दात दाखवणारा. त्याने अर्धा तास स्वतःचा संघर्ष सांगितला आणि शेवटी एकदा पियानोवर हात ठेवला, तोही फोटोपुरता. दुसऱ्यात वरून रंगीत चेंडू पडायचे आणि बरोबर वाजवलं की टाळ्या. मी फडक्याने कीबोर्ड पुसत होते तरी टाळ्या पडल्या. तिसरे एक गृहस्थ इतके शिस्तीचे की अख्खा धडा स्टुलाची उंची आणि पाठीचा कणा यांतच संपला. चौथ्याने आधी विचारलं, तुम्ही कोण? नवशिके, मध्यम की प्रगत? सतरा वर्षं वाजवणारी बाई नवशिकी कशी असेल? मी 'प्रगत'वर बोट ठेवलं. पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारख्या खुणा आल्या. मी कोर्स बंद केला आणि वहीत लिहिलं, 'अक्षर फार बारीक.'

हो, वही केली होती. चौकोन आखून. शिकवणाऱ्याचा आवाज, हात दिसतात का, बडबड किती, माझा शेरा. लेक कधीमधी ती चाळून हसायची. दुकान बंद करून आले की जेवण होईपर्यंत एक पहिला धडा बघायचा आणि शेरा लिहायचा. पहिला धडा मला असा पाठ झाला की काय सांगू. अंगठा म्हणजे एक, करंगळी म्हणजे पाच, खांदे सैल, मनगट सरळ. नऊ जणांनी मला अंगठा दाखवला, आणि तो मला आधीच माहीत होता. दुसरा धडा मात्र एकाचाही बघितला नाही. कारण अजून निवड व्हायची होती.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. एकदा जेवताना म्हणाले, "वाजवत कधीच नाहीस हल्ली. नुसतं बघतेस."

"पारखतेय," मी म्हटलं. "तुम्ही आपल्या लिफ्टा बघा."

"मी बघत नाही, उघडतो," हे म्हणाले आणि पोळी वाढून घेतली. मला इतका राग आला की दोन दिवस मी बोलले नाही.

दुकानात मात्र माझा बोलबाला झाला. गिऱ्हाइकांना कळलं की मला कोर्समधलं कळतं. दंतवैद्याकडे काम करणारी एक बाई विचारायला आली, तिला मी वही उघडून सहावा कोर्स सांगितला. महिन्याने पडद्यांचं माप द्यायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, चौदाव्या धड्यावर आहे मी! दोन हात एकदम वाजतात आता." मी तिचं अभिनंदन केलं आणि त्या कोर्समध्ये कोणते दोष आहेत ते सांगितलं.

दादाबरोबर सराव चालूच होता, पण कीबोर्डवर, बटण दाबून. मनात म्हणायचे, कोर्स एकदा सुरू झाला की काळी दोन कितीशी लांब आहे? तीन पावलं. असं पारखता पारखता तारीख येऊन ठेपली आणि लग्न लागलं.

हॉलमधल्या त्या पियानोपुढे जाऊन बसले. काळाभोर आणि असा चकचकीत की त्यात माझंच तोंड दिसत होतं. लेक समोर बसलेली, शेजारी जावई, पुढच्या ओळीत विहीणबाई. दादा घसा खाकरून उभा राहिला आणि त्याने सूर लावला. काळी दोन.

माझा उजवा हात पांढरी एकवर गेला. आणि डावा हात, मी शपथ घेऊन सांगते, मी सांगितलं नव्हतं, डावा हात आपोआप कोपऱ्यात गेला आणि त्या चकचकीत लाकडावर टकटक करायला लागला. एक, दोन, तीन. मग पुन्हा तीन. दादा माझ्याकडे बघतोय, मी लाकडाकडे. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरायला लागलं, आणि ते बघून मला वाटलं की आत्ता इथे धरणी दुभंगली तर फार बरं होईल. तिने एकच गोष्ट मागितली होती आणि मी तीन महिने चौकोन आखत बसले होते.

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. मी मनात म्हटलं, झालं. आता ही येऊन स्टुलावर बसणार आणि मला जन्मभर ऐकावं लागणार. पण त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. सरळ दादाकडे गेल्या, त्याच्या कानाशी दोन वाक्यं बोलल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. दादाने माझ्याकडे असं बघितलं, जसा मला पहिल्यांदाच बघतोय. मग म्हणाला, "वाजव. तुझ्या पट्टीत."

आणि तो खाली उतरला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. खालचे सूर त्याच्या घशात खरखरत होते, एक-दोन तर नुसते श्वासच होते. पण आई ते गाणं तसंच म्हणायची, पोर जागं होऊ नये म्हणून, अगदी खालच्या आवाजात. दुसऱ्या ओळीला लेकीने तोंडावर हात घेतला आणि ढसाढसा रडली. मीही रडले, पण बोटं चुकली नाहीत.

पानं मांडली जात असताना मी दादाला कोपऱ्यात गाठलं. "काय म्हणाल्या त्या तुला?"

"म्हणाल्या, 'यांना एक पट्टी येते, तुम्हाला बाराही येतात. मग हलायचं कुणी?'" दादा म्हणाला. "बटण होतं होय गं? मला वाटायचं, माझ्यासाठी बदलतेस."

म्हणजे त्या बाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीन महिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. माझ्या लेकीलाही सांगितलं नाही. मला आधी राग आला, कारण मला आधी रागच येतो. मग इतकी लाज वाटली की जेवणाची चव लागली नाही.

आठवड्याने लेक माहेरी आली तेव्हा तिच्या हातात एक वही होती. "सासूबाईंनी दिलीय. म्हणाल्या, घरीच करायला सांग, यायची काही सक्ती नाही." वही हाताने लिहिलेली होती. टपोरं, मोठं अक्षर. मला बारीक दिसत नाही हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. पहिलंच पान उघडलं तर वर लिहिलेलं, 'धडा दुसरा'. आणि खाली एक ओळ: 'पहिला तुमचा झालेला आहे, असं सूनबाईकडून कळलं. नऊ वेळा.'

मी सवयीने पेन्सिल घेतली, शेरा लिहायला. मग ती ठेवून दिली. दुकानातून आणलेल्या चिंध्यांतला एक जाड तुकडा काढला, त्याला चिकटपट्टी लावली आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या बटणावर घट्ट दाबून बसवला. मग ताठ बसले, खांदे सैल सोडले, मनगट सरळ केलं. तेवढं मला येतं.