दोन अक्षरे पुढे बघणारी ओळ

माझे वय एकोणीस वर्षे. तुमच्यात या वयाला कोवळे म्हणतात, आमच्यात जुनाट. मित्रांनो, मी एका छापखान्याच्या संगणकातली ओळ आहे. जाणकार मला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. मजकुरात ठरावीक अक्षरे शोधायची आणि त्यांच्या जागी दुसरी ठेवायची, एवढेच माझे काम. दिसायला मी काही देखणी नाही. कंस, तिरप्या रेघा आणि प्रश्नचिन्हे यांचा नुसता गुंता आहे मी. पण कामाला चोख आहे. हे मलाच सांगावे लागते, कारण दुसरे कोणी सांगायला येत नाही.

तिसा नदीकाठच्या आमच्या गावात लोक दोन लिप्यांत लिहितात. फोनवर इंग्रजीसारख्या अक्षरांची लॅटिन चालते; पण लग्नपत्रिका, चर्चचे कॅलेंडर आणि पुस्तके लोकांना आमच्या जुन्या सिरिलिक लिपीतच हवी असतात. छापखान्यातली नेवेना एका लिपीतून दुसरीत अक्षरे हाताने बदलून बदलून वैतागली आणि एका हिवाळ्यात तिने आम्हा तिघी बहिणींना लिहून काढले. काही उच्चारांना लॅटिनमध्ये दोन अक्षरे लागतात, सिरिलिकमध्ये एकच पुरते. थोरल्या दोघींकडे ‘ल्य’ आणि ‘न्य’ आले. त्या दिवसभर राबतात. माझ्या वाट्याला ‘ज’ आला. d (द) आणि ž (झ) शेजारी दिसले की त्यांच्या जागी एकटे џ ठेवायचे. हा उच्चार आमच्या भाषेत मोजक्याच शब्दांत येतो. खिसा, जॅम, कॉफी उकळायचे भांडे यांची आमच्याकडची नावे, असे काही. त्यामुळे मी धाकटी आणि लाडावलेली, बहुतेक वेळ नुसती बसून असायची.

एकदा मात्र माझा भाव वधारला. गावच्या कारखान्याला आलुबुखाराच्या जॅमची पाच हजार लेबले हवी होती. एकाही लेबलात चूक निघाली नाही, म्हणून जुन्या मालकाने खूश होऊन नेवेनाला राकिया, म्हणजे फळांची दारू, पाजली. मला कोणी काही पाजले नाही, पण त्या दिवशी मला फार बरे वाटले.

पुढे जुना मालक घरी बसला आणि छापखाना ओग्न्येनने घेतला. त्याच्या स्वतःच्या नावातला ‘न्य’ माझी बहीण लावते, पण त्याला ते ठाऊक नव्हते. त्याने एकदा फाइल उघडली आणि मला पाहून कपाळाला हात लावला.

“नेवेनामावशी, हे काय आहे? कीबोर्डवर कुणी शिंकलं का?”

“ती माझी ओळ आहे.”

“करते काय ती?”

नेवेनाने चष्मा पुसला, मला दोनदा वाचले आणि ओशाळून म्हणाली, “करते काहीतरी. आता आठवत नाही बाई.”

तिने माझ्या शेजारी एका शब्दाचीही टीप लिहिलेली नव्हती. मला खरेच वाईट वाटले. ओग्न्येन म्हणाला, “हे आजीचं पुस्तक निघालं की पुसून टाकू.”

आजी म्हणजे गावातली ल्युबिंका. शेतात, चुलीपाशी, गोठ्यात बोलले जाणारे आणि आता कोणी न बोलणारे शब्द तिने चाळीस वर्षे वहीत उतरवले होते. तिचा नवरा झिवान हा निवृत्त पोस्टमन. त्याने ती वही दोन बोटांनी टायपून दिली, तीही लॅटिनमध्ये. रविवारी गावात गहू कापणीचा उत्सव होता आणि पुस्तक तिथेच वाटायचे होते. पुस्तकातला तिचा सर्वांत लाडका शब्द होता नादझ्न्येवान्ये, म्हणजे विळ्याने गहू कापण्याच्या शर्यतीत दुसऱ्याला हरवणे. अठरा वर्षांची असताना तिने अशाच शर्यतीत झिवानला हरवले होते आणि मग त्याच्याशीच लग्न केले होते.

गुरुवारी ती तपासायला दिलेली पाने घेऊन तरातरा आत आली. मागून झिवान टोपी सावरत येत होता.

“नेवेना, पोरी, हे काय छापलंयस? हे अक्षर कॉफीच्या भांड्याचं. माझ्या शब्दात ते कशाला कडमडलं? मी गहू कापला होता, कॉफी नव्हती उकळली!”

चूक माझी होती. त्या शब्दात ‘नाद’ हा एक तुकडा आणि ‘झ्न्येवान्ये’ हा दुसरा. पहिल्याच्या शेवटी d आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला ž. ती दोघे नुसती शेजारी होती आणि मी त्यांचे लग्न लावून मोकळी झाले होते.

“अशी चूक छापण्यापेक्षा पुस्तकच नको,” आजी म्हणाली आणि खुर्चीत बसली. “हे शब्द माझ्यानंतर कुणी बोलणार नाही. वाचणाऱ्याला तरी नीट मिळू देत.”

ओग्न्येनने घाईघाईत मला नवा नियम जोडला. ‘nad’ च्या पाठोपाठ ž आला तर हात लावू नको. मी नाही लावला. पाने पुन्हा छापली. आजीने आपला शब्द पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. सकाळी रागाच्या भरात ती ओळ तिने वाचलीच नव्हती.

“नाद-झाक-बाबा? हा कुठला शब्द? माझ्या वहीत हा नव्हता!”

झिवान छताकडे बघू लागला. मूळ शब्द होता नाजाक-बाबा. नाजाक म्हणजे कुऱ्हाड आणि आमच्याकडे बाबा म्हणजे म्हातारी बाई, गैरसमज नको. तोंडाने फटकळ म्हातारीला असे म्हणतात. टायपता टायपता झिवानने तो आपल्या पदरचा घुसवला होता आणि पुढे अर्थही दिला होता, ‘उदाहरणार्थ, माझी.’ यात मात्र d आणि ž खरोखरच जोडीची होती. नव्या नियमामुळे मी त्यांची ताटातूट केली होती.

“अहो पोस्टमन,” आजी सावकाश म्हणाली, “पन्नास वर्षं झाली, हरल्याचा राग अजून गेला नाही वाटतं?”

“राग कसला? गावाला कळू दे, मी कुणाशी संसार केला ते.”

“आजी, हा शब्द काढून टाकू?” ओग्न्येनने विचारले.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. “राहू दे. पण अक्षर नीट लाव. मला नावं ठेवायची तर शुद्ध ठेवा.”

ओग्न्येन वैतागला. “एक शब्द धरला की दुसरा सुटतो. पुसूनच टाकतो ही ओळ.”

त्याचे बोट बटणाशी गेले.

“थांब,” नेवेना म्हणाली. “तिला पुढचं दिसतच नाहीये. ‘nad’ नंतर ž आला, तर त्याच्या पुढे कुठलं अक्षर आहे ते बघून ठरवू दे तिला. a असला तर जोडायचं.”

आजीने बोटांवर मोजले. “एक नाही पुरायचं, पोरी. ‘मी हरवते’ म्हणताना तिथेही a येतो. दोन अक्षरं बघायला लाव. a आणि मग k, तरच ती कुऱ्हाड.”

नेवेनाने माझ्यात तेवढे वाढवले. मी सगळे पुस्तक एका दमात पालथे घातले आणि या वेळी प्रत्येक ठिकाणी थबकून, पुढे पाहून मगच हात लावला. आजीने पाने तपासली. तिने चष्मा काढला आणि झिवानच्या हातावर हात ठेवला.

रविवारी पुस्तक वाटले गेले. सोमवारी ओग्न्येनने फाइल उघडली, पण पुसण्यासाठी नाही. त्याने माझ्या डोक्यावर एक टीप लिहिली, ‘ही दोन अक्षरे पुढे बघते. अडल्यास ल्युबिंका आजींना विचारा.’ एकोणीस वर्षांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणी काही लिहिले होते. मी आता समाधानी आहे.

मित्रांनो, एखादी जुनी गोष्ट कळत नाही म्हणून लगेच पुसू नका. तुम्ही काही नवे केलेत तर शेजारी दोन शब्द लिहून ठेवा. आणि काहीही बदलण्याआधी थोडे पुढे बघा. मी तेवढेच शिकले, म्हणून त्या पानावर आजीचा विळाही शाबूत राहिला आणि तिच्या नवऱ्याची कुऱ्हाडही.