मी वेबसाइट नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉग आहे. सध्या कोणाला दिसत नाही. एका सर्व्हरच्या अडगळीत, ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये मला कोंबून ठेवलंय. मुदत संपली की पुसणार आहेत. तेव्हा सांगायचं ते आत्ताच सांगून टाकतो.

मला एका मुलीने तिच्या आईसाठी बनवलं. वडिलांचं सोफे-खुर्च्या नव्याने मढवून द्यायचं दुकान होतं. आई घरी शिलाई मशीनवर त्यांची कव्हरं शिवायची आणि शिवता शिवता अखंड बडबडायची. मुलगी म्हणाली, “आई, माझं डोकं खाण्यापेक्षा ही बडबड इथे लिही ना!” आणि दुकानाच्याच नावाचा पत्ता घेऊन तिने मला उभं केलं. आई एकेक अक्षर शोधत टाइप करायची. जाड कापडाला कुठली सुई लावावी, चेन उसवली तर काय करावं, आणि मधेच, ‘आज नळाने जीव नकोसा केला.’ ताजं लिहिलेलं सर्वांत वर, तारखेसकट, जुनं त्याखाली. शेवटी वाचणाऱ्याला चार शब्द लिहायला जागा. ब्लॉग म्हणतात तो एवढाच. त्यात माणसाचं रोजचं बोलणं असतं.

पुढे मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं. घरात आकाशपाताळ एक झालं. वडील म्हणाले, “माझ्यापुरती ती मेली. या घरातून तिला फोन गेलेला मला चालणार नाही.” फोनमधून तिचा नंबर गेला, घरचा नंबरही बदलला. मुलगी नवऱ्याबरोबर लांब निघून गेली. आईने ब्रसुद्धा काढला नाही.

पण माझा पत्ता मुलीला पाठ होता ना! आईने तिचं नाव एकदाही लिहिलं नाही. ती लिहायची, ‘गुडघा आता बरा आहे.’ ‘निळं कापड उरलंय, कोणाची तरी उशी छान होईल.’ आणि खाली बिननावाचा एकच शब्द यायचा: ‘वाचलं.’ लहानपणी आईने स्वयंपाकघरात ठेवलेल्या चिठ्ठीखाली मुलगी हाच शब्द लिहायची. तो दिसला की आईच्या जिवात जीव यायचा. वडिलांना वाटायचं, बायको शिवणकामाचं काहीतरी खरडतेय. मित्रांनो, त्या दिवसांत मी खरोखर कामाचा होतो. अजून आठवलं की ऊर भरून येतो.

मग दुकानाला वेबसाइट हवी झाली. आई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेली होती. वेबसाइट बनवणारा गृहस्थ म्हणाला, “काका, या पत्त्यावर आधीच एक ब्लॉग आहे. त्याचं काय करू?”

“दोन्ही एकच ना?” वडिलांनी विचारलं.

“नाही हो. वेबसाइट म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी. लावली की झालं. ब्लॉगवर कोणीतरी सारखं लिहीत राहतं.”

“मग पाटीच लावा! लिहीत बसायला इथे वेळ कोणाला आहे?”

झालं! मी अडगळीत गेलो आणि माझ्या जागी ती आली. देखणी होती. ‘आमच्याविषयी’, ‘आमची कामे’, ‘संपर्क’. माझा तिच्यावर राग नाही, ती तिचं काम चोख करते. पण आज आईचा गुडघा दुखतोय का, हे ती कुठे सांगणार?

आई परतली. बघते तर सगळीकडे सोफेच सोफे.

“अहो, माझं लिहिलेलं कुठंय?”

“तेच तर आहे! बघ, किती झकास केलंय.”

कशासाठी हवंय, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार? शेजारणीच्या मदतीने तिने दुसरा ब्लॉग काढला, तो पत्ता मुलीला कळवता येत नव्हता, पण ती शोधून काढेल, अशी आईला आशा होती. तिथे कोणीच फिरकलं नाही. “कंटाळली असेल मला,” असं पुटपुटून आईने लिहिणं सोडलं.

मुलगी मात्र जुन्याच पत्त्यावर येत राहिली. रोज तेच सोफे. अखेर तिने ‘संपर्क’ उघडलं. हे मला वेबसाइटनेच सांगितलं. ‘काय मढवून हवे?’ या रकान्यात मुलीने लिहिलं, ‘काही नको. इथे लिहायच्या त्या बाई आहेत ना? नुसतं हो म्हणा.’ वेबसाइटने पाठ केलेलं उत्तर दिलं, ‘आपली चौकशी मिळाली. धन्यवाद.’

निरोप वडिलांकडे गेला. बायको इतके दिवस कोणासाठी लिहायची, ते त्यांना कळलं. चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. आतून आईने विचारलं, “कोणाचं काही आलं का हो?”

“नाही. गिऱ्हाईक होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी निरोप पुसला.

काही दिवसांनी मुलीचा आणखी एक निरोप आला: ‘उत्तर नाही, म्हणजे समजले. तिला जास्त त्रास झाला नसेल, एवढीच आशा.’ तोही त्यांनी पुसला. त्यानंतर ती कधी आली नाही.

मित्रांनो, माझं काय, आज ना उद्या मी जाणारच. पण तुमच्या घरात कोणी काही लिहीत असेल, तर ते काढून टाकण्याआधी एवढंच विचारा, की हे तू कोणासाठी लिहितेस? तिकडे मुलगी मेलेल्या आईसाठी रडते आहे. इकडे आई मुलीने तोडलं म्हणून झुरते आहे. दोघी धडधाकट जिवंत आहेत, हे फक्त तिघांना ठाऊक आहे: मला, वेबसाइटला आणि वडिलांना. तिघांत तोंड एकालाच आहे.