कंपे नावाचा पिवळा बोया

मी एक जुना बोया आहे. कधीकाळी पिवळा होतो. आता माझा रंग कोणता, हे सांगणे अवघड आहे. कारियाकू बेटावरच्या बेलमार गावासमोर, किनाऱ्यावरची हाक पोहोचणार नाही इतक्या अंतरावर मी पाण्यावर तरंगत असतो. माझ्या पोटाखालून एक जाड दोरी निघते आणि तळाच्या वाळूतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यापर्यंत जाते. लाट आली की वर जायचे, लाट सरली की खाली यायचे. मित्रांनो, मी आजवर कुठेही गेलेलो नाही, तरी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे बरेच घडले आहे.

माझा जन्म आयोनीच्या रागातून झाला. आयोनी ही बेलमारची. डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी देऊन पर्यटकांना पाण्याखालची पोवळी दाखवायची, हा तिचा धंदा. ज्यांच्यात धीर असे त्यांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून ती त्यांना आणखी खोल नेई. त्या काळी बाहेरून येणाऱ्या होड्या सरळ पोवळ्यांवरच नांगर टाकत. एके दुपारी ती घरी आली आणि हरणाच्या शिंगासारख्या पोवळ्याचा एक तुटका तुकडा तिने वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"बघा डॅडी. मी जन्मायच्या आधीपासून वाढत होतं हे. आज एका नांगरानं गेलं."

तिचे वडील ऑल्रिक. समुद्राच्या तळाचे मोठे शंख काढण्यात एके काळी त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण एकदा खोल पाण्यात त्यांच्या टाकीतली हवा संपली आणि ते घाईने वर आले. खोलातून घाईने वर येणे शरीराला सोसत नाही. तेव्हापासून त्यांचे पाय लुळे पडले. ते खुर्चीत बसून राहत, आणि समुद्राकडे पाठ करून बसत.

त्यांनी तो तुकडा बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाले, "होड्यांना बांधायला जागा नाही म्हणून त्या नांगर टाकतात. जागा करून देऊ."

अंगणात होडीच्या लाकडाच्या फळ्या पडून होत्या. त्यांतून त्यांनी मला घडवले. खुर्चीत बसून, मांडीवर धरून, एकेक फळी वाकवून त्यांनी मला पिंपासारखा गोल केला, फटींत डांबर भरले आणि पिवळा रंग दिला. माझ्या दोरीचे फास त्यांनी स्वतः गुंफले. शेजारची व्हर्लिन भाजलेले मासे विकते आणि फुकट टोमणे वाटते. ती कुंपणावरून म्हणाली, "अंकल, होडी पाण्यात सोडताना आपण रम ओततो, जेवण घालतो. या भोपळ्याचंही बारसं करणार की काय?"

"करणार. आणि तूच त्याची धर्ममाता."

"अगं बाई! आणि नाव काय ठेवायचं माझ्या लेकराचं?"

"कंपे," ऑल्रिक म्हणाले. आमच्याकडे जिवलग दोस्ताला कंपे म्हणतात.

व्हर्लिनने खरोखरच माझ्या डोक्यावर रम ओतली, उरलेली स्वतः प्यायली, आणि आयोनीने मला पाण्यात नेऊन बांधले. ऑल्रिक काही आले नाहीत.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी होड्या येत, माझ्या कडीत दोरी ओवत, आणि माणसे पाण्यात उतरत. कोणाला पोहणे येई, कोणी नुसता येत असल्याचा आव आणी. एक लठ्ठ गृहस्थ पाण्याबाहेर डोके काढून ओरडले होते, "कासवानं माझ्याकडे पाहिलं! थांबून पाहिलं!" एक बाई माशांना इतकी घाबरली की तिने मला घट्ट मिठी मारली आणि आयोनी येईपर्यंत सोडले नाही. दमलेले लोक माझ्यावर हात टेकत, श्वास घेत आणि पुन्हा तोंड पाण्यात घालत. निळे मासे, पंख्यासारखी जांभळी पोवळी, खडकाच्या बिळातली बाम, या सगळ्यांविषयी मी ऐकत असे. मी स्वतः यातले काहीच पाहिले नाही. ज्या पोवळ्यांसाठी मला बांधले, ती माझ्याजवळच होती आणि मला कधीच दिसली नाहीत. दुपार टळली की होड्या सुटत. हसण्याचे आवाज किनाऱ्याकडे जात. मग मी आणि पाणी.

आयोनी दर काही दिवसांनी एकटी येऊन मला घासून जाई. घासताना स्वतःशीच बोले. तिच्या बोलण्यातून मला कळले की ऑल्रिकनी आपली खुर्ची फिरवून घेतली आहे. आता ते दिवसभर पाण्यावरच्या एका पिवळ्या ठिपक्याकडे पाहत बसतात.

एका रविवारी चर्च सुटल्यावर तिची होडी आली, तेव्हा होडीत तेच बसलेले होते. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. अंगावर चर्चचा पांढरा सदरा तसाच होता.

"चला, उतरा," आयोनी म्हणाली.

"वेडी आहेस का? पाहायला आलो होतो. पाहिलं. झालं."

"सदरा काढा डॅडी."

"मेलेले पाय घेऊन पाण्यात काय करू? बुडेन दगडासारखा."

"बुडालात तर मी आहे. तुम्ही मला पोहायला कसं शिकवलंत आठवतं? धक्क्यावरून ढकलून दिलंत."

"तेव्हा तुझी आई मला महिनाभर बोलली नव्हती!"

"मग आज मीही ढकलू?"

ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आयोनीने त्यांना अलगद पाण्यात घेतले. त्यांचा हात माझ्या कडीवर आला. तो हात मी लगेच ओळखला. पाण्यात पायांना वजन नसते, मित्रांनो. जमिनीवर ओझे झालेले ते पाय लाटेबरोबर हलकेच हलू लागले. आयोनीने त्यांच्या डोळ्यांवर मुखवटा चढवला आणि त्यांनी तोंड पाण्यात घातले. इतका वेळ त्यांनी डोके वर काढले नाही की आयोनी घाबरली.

"डॅडी!"

त्यांनी डोके वर काढले. मुखवट्यात पाणी साठले होते, ते बाहेरचे नव्हते.

"नांगरानं मोडलं होतं ना, तिथं नवं फुटलंय. एवढंसं. बाळाच्या बोटाएवढं."

त्यानंतर ते पुष्कळदा आले. आयोनी पाहुण्यांना घेऊन खोल जाई आणि ते माझी कडी धरून तरंगत राहत. माझ्याशी बोलत. गावातली भांडणे, बायकोने केलेल्या शंखाच्या कालवणाची चव, गुडघेदुखी असलेला त्यांचा जुना जोडीदार, असे काहीही. "कंपे, आपण दोघं सारखेच. बांधलेले," असे म्हणून ते माझ्या डोक्यावर थापटत. माझ्या साऱ्या आयुष्यात मला एकच दोस्त मिळाला, तो हा.

मग ते वादळ आले. दोन दिवस आधी सगळ्या होड्या खारफुटीच्या झाडीत नेऊन बांधल्या गेल्या. मला कोणी नेले नाही. मला नेता येण्यासारखे नव्हते. पाणी काळे झाले, आणि मग पाणी आणि आभाळ यांत फरकच उरला नाही. मी कित्येकदा पूर्ण बुडालो. दोरी ताणली, किंचाळली, पण ऑल्रिकनी गुंफलेला फास सुटला नाही. वारा पडला तेव्हा मी माझ्या जागी होतो, आणि समोर बेलमार नव्हते. छपरे नव्हती. डोंगरावर एकही हिरवे पान नव्हते. आयोनीची होडी चर्चच्या भिंतीला टेकून उलटी पडली होती.

पर्यटक येईनासे झाले. त्यांना उतरायला धक्का उरला नव्हता, राहायला खोल्या नव्हत्या. किती तरी दिवसांनी एक वल्ह्याची छोटी नाव आली. आयोनी वल्हवत होती. ऑल्रिक समोर बसले होते, खूप वाळलेले.

"त्रिनिदादला काम मिळालंय. यांना घेऊन जाते," ती म्हणाली. ती कोणाला सांगत होती कोण जाणे. मग तिने सुरा काढला. "डॅडी, याला कापून घरी नेऊया. इथं कोण बघणार त्याच्याकडे? कुजेल."

ऑल्रिकनी माझ्यावर हात ठेवला. "राहू दे त्याला. सगळंच गाव उठून चाललंय. एक जण तरी जागेवर असू दे."

त्यांनी नेहमीसारखे थापटले नाही. हात तसाच ठेवून ते बसून राहिले. मग नाव वळली. ते मागे वळून पाहत होते. मान दुखेपर्यंत पाहत असणार.

त्यानंतरच्या दिवसांचे काय सांगू? माझ्या अंगावर शेवाळ चढले, शेवाळावर शिंपले बसले. समुद्रपक्षी येऊन विसावत आणि घाण करून उडून जात. कोणाचाही आवाज ऐकला नाही असे कित्येक दिवस गेले. मी मनातल्या मनात ऑल्रिकच्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकत असे, आणि हळूहळू काही गोष्टींचे शेवट मला आठवेनासे झाले.

परवा एक परदेशी शिडाची होडी आली. मला फार आनंद झाला. होडीतला माणूस वाकून माझ्याकडे पाहत राहिला आणि नाक मुरडून म्हणाला, "हा कुजका आहे. याच्या भरवशावर होडी नको." आणि त्याने नांगर सोडला. साखळी खडखडत खाली गेली. मग खालून आवाज आला, करकर, कच्च. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

ओरडले दुसरेच कोणी. किनाऱ्यावरून एक नाव सपासप येत होती, आणि तीत व्हर्लिन होती.

"ए! उचल तो नांगर! खाली काय आहे ठाऊक आहे का? बोया काय शोभेला ठेवलाय?"

"बाई, तो सडलेला दिसतोय," तो माणूस म्हणाला.

"दिसायला तू तरी कुठं मोठा राजबिंडा आहेस! उचल म्हणते ना!"

त्याने निमूटपणे नांगर उचलला. साखळीच्या टोकाला पोवळ्याची एक फांदी अडकलेली होती. व्हर्लिनने ती सोडवली आणि आपल्या नावेत अलगद ठेवली.

मग मासे कापायच्या सुरीने तिने माझ्या अंगावरचे शिंपले खरवडायला घेतले. खरवडता खरवडता तिने फोन लावला. "आयोनी, अंकलना दे. अंकल, तुमचा कंपे आहे अजून. हो, तरंगतोय. पण दोरी पार झिजलीये."

फोनमधून आलेला आवाज बारीक होता, तरी मी ओळखला. "मग नवी घाल ना, बाई. धर्ममाता कशाला केलंय तुला?"

"फास गुंफता येतो कुठं मला!"

"मी सांगतो. तू नुसती दोरी आण."

व्हर्लिन दोरी शोधायला गेली आहे. वादळानंतर बेटावर चांगली दोरी मिळणे सोपे नाही. कालपासून वारा उठला आहे, आणि माझ्या दोरीचे धागे एकेक करून तुटताना मला जाणवत आहेत. ती वेळेवर येईल की नाही, मला ठाऊक नाही.

म्हणून मित्रांनो, एकच मागणे आहे. तुमच्या विहिरीचा रहाट असो, नदीवरची नाव असो, नाही तर दारात बसलेले कोणी म्हातारे माणूस असो. वरून शेवाळ दिसले म्हणून ते कुजले असे समजू नका. जवळ जा. हात लावून पाहा. आणि दोरी तुटायच्या आत जा.