शेवटची वीट

"हे तुझं यंत्र घेऊन जा आता," मावशी म्हणाली आणि तिने टॅबलेट डाव्या हाताने टेबलावरून पुढे सरकवला. "माझ्या हातात काही राहिलेलं नाही."

भाची नुकतीच आत आली होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. "कोण म्हणालं असं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं? मला दिसतंय ना. एकच वीट उरते, चेंडू खाली येतो, मी फळी नेते, आणि तो बरोबर शेजारून निघून जातो. रोजच. आधी असं होत नव्हतं. म्हणजे हातच गेला परत. त्या व्यायामवाल्या बाईंनाही सांगितलं, उद्यापासून येऊ नका."

मावशी एका मोठ्या कचेरीत टंकलेखिका होती. साहेब बोलत असायचे आणि हिची बोटं त्यांच्या पुढे धावायची. 'जरा दम खा, अजून वाक्य सुचायचंय मला,' असं एका साहेबांनी तिला म्हटलं होतं, ते ती अजून ऐकवायची. लग्न केलं नाही. बहीण गेली तेव्हा तिची लहान मुलगी घरी आणली आणि याच बोटांवर तिला शिकवलं. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि गेला तो नेमका उजवा हात. जीभ शाबूत राहिली. "नेमकं नको ते वाचलं," असं ती दवाखान्यातच म्हणाली होती.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं, की मन रमेल असं काहीतरी द्या, त्या नादात हात हलेल. तेव्हा भाचीने आपलाच खेळ दिला.

आपलाच म्हणजे अगदी आपलाच. भाची व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. खेळ तसा जुनापुराणा. खाली एक फळी, वर विटांच्या रांगा, मध्ये एक चेंडू. फळी सरकवून चेंडू टोलवायचा, विटा फोडायच्या, चेंडू खाली पडू द्यायचा नाही. असले खेळ जगात ढिगाने आहेत. पण या खेळातला चेंडू कसा उसळेल हे हिने ठरवलं होतं आणि त्यात जीव ओतला होता. ऑफिसात तिचं नावच चेंडूबाई पडलं होतं.

सुरुवातीला तिने चेंडू पुस्तकातल्या नियमाने उसळवून पाहिला. ज्या कोनात आला त्याच कोनात परत. खेळ इतका रटाळ झाला की तिची तिलाच जांभई आली. फळी कुठेही धरा, चेंडू आपल्याच वाटेने जायचा. खेळणाऱ्याने नुसती हजेरी लावायची. मग तिने जुन्या खेळांची युक्ती घेतली. चेंडू फळीच्या मधोमध लागला तर सरळ वर जाईल, कडेला लागला तर तिरका जाईल. खऱ्या चेंडूला हे मान्य नसतं, पण त्यामुळे नेम खेळणाऱ्याच्या हाती आला. भिंतींना मात्र तिने पुस्तकाचाच नियम ठेवला. फळी खेळणाऱ्याची, तिने त्याचं ऐकावं. भिंत कोणाच्या बाजूची नसते.

पहिल्या दिवसांत मावशीची फळी जागची हलत नव्हती. चेंडू पडायचा आणि ती त्याच्याकडे रागाने बघत बसायची. पुढे फळी थोडी सरकू लागली, मग चेंडूच्या मागे धावू लागली, आणि एके दिवशी दुपारी फोन आला. "चिमणे, सगळ्या विटा पाडल्या. आणि चहासुद्धा उजव्या हाताने गाळला. थोडा सांडला, ते सोड." चेंडूबाईने त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटल्याच्या थाटात ती बातमी सांगितली होती.

आणि आता हे.

"माझ्यासमोर एकदा खेळ," ती म्हणाली.

"कशाला? फजिती बघायला?"

"खेळ तर."

मावशी खेळली. बोट सावकाश पण न डगमगता सरकत होतं. विटा पडत गेल्या. वर एकच उरली. चेंडू उजव्या भिंतीला लागून खाली यायला लागला, मावशीचं बोट हवं तिथे आधीच पोचलेलं होतं, आणि तरी चेंडू फळीच्या टोकाला चाटून निघून गेला. पडद्यावर अक्षरं आली: 'अरेरे, थोडक्यात हुकलं! जाहिरात पाहा, आणखी एक संधी मिळवा.'

"बघितलंस?" मावशीने उजवा हात उचलून मांडीवर टाकला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

"पुन्हा."

दुसऱ्या खेपेला चेंडूबाईने बोटाकडे पाहिलंच नाही. ती भिंतीकडे बघत होती. चेंडू ज्या कोनात भिंतीवर आला त्या कोनात तो परत फिरला नाही. किंचित आडवा झाला, फळीपासून लांब. दुसऱ्या कोणाला ते कधीच दिसलं नसतं. तिला आपलं मूल खोटं बोललेलं कळावं तसं कळलं.

"मावशी, तुझा हात ठीक आहे. चेंडू चुकतोय."

"मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलू नकोस. लहान नाही मी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने खेळाच्या प्रोग्रॅममधला चेंडूचा भाग उघडला. तिने लिहिलेल्या भिंतीच्या नियमाखाली कोणीतरी चार ओळी घुसडल्या होत्या. विटा संपत आल्या असतील आणि चेंडू खाली येत असेल, तर कोन जरासा बदल. फळी जिथे असेल तिच्या उलट बाजूला. घुसडणाऱ्याचं नावही तिथेच होतं. तो आता विभागप्रमुख होता. कंपनीत नवा आला तेव्हा तिच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून चेंडू उसळवायला शिकला होता आणि अजून तिला ताई म्हणायचा.

ती त्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"भिंतीत हात घातलास?"

त्याने नाकारलं नाही. "बसा ना ताई. तुम्हाला सांगणारच होतो. अगदी थोडासा बदल आहे, कोणाला कळत नाही."

"कळत नाही म्हणूनच विचारतेय."

"लोक जिंकले की खेळ बंद करतात. थोडक्यात हरले की पुन्हा खेळतात, जाहिरात बघतात. आवडल्याशिवाय खेळतील का? आणि तुम्हीच शिकवलंत मला, चेंडू खरा नसतो, खरा वाटायला हवा. फळीवर तुम्हीही कोन फिरवताच की. मग भिंतीवर मी फिरवला तर एवढं काय बिघडलं?"

आपलंच वाक्य समोरच्याच्या तोंडून इतकं मळून परत येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"फळीचा नियम सगळ्यांना सारखा आहे," ती म्हणाली. "आज आहे तोच उद्या आहे. माणूस चार वेळा हरतो आणि पाचव्यांदा शिकतो. तुझी भिंत शिकूच देत नाही. तो जितका नीट खेळेल तितकी ती त्याला चुकवणार. याला खेळ म्हणतात?"

"हरल्याने कोणी मरत नाही, ताई."

"हरण्याबद्दल कोण बोलतंय? हरावं की माणसाने. पण हरल्यावर तो बोल कोणाला लावतो? तुला लावतो? मला? स्वतःला लावतो. माझी मावशी महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलीय. व्यायाम सोडला तिने. डाव्या हाताने दार उघडते."

तो खरोखरच वरमला. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "एक करू. मावशींसाठी वेगळी प्रत काढून देतो. त्यांच्या टॅबलेटवर या ओळी बंद. आत्ता देतो."

"आणि दुसऱ्यांच्या मावश्या?"

"त्या काही आपल्या ओळखीच्या नाहीत ना."

ती उठली. आपल्या जागेवर जाऊन तिने त्या चार ओळी खोडल्या आणि सुधारलेला खेळ सगळीकडे पाठवून दिला. दुपारपर्यंत ओळी जागच्या जागी परत आल्या होत्या आणि तिला तो भाग उघडेनासा झाला होता. प्रमुख स्वतःच तिच्या टेबलाशी आला. वरून निरोप होता. तिने आता चेंडूत लक्ष घालू नये, नव्या खेळाचे रंग बघावेत.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग खेळावरचं माझं नाव काढ."

"ते पुढच्या आवृत्तीत बघू. मध्येच काढता येत नाही."

"चेंडूचा कोन कोणाला न कळता बदलता येतो, आणि नाव काढायला आवृत्ती लागते?" तिचा आवाज चढला नव्हता, तरी आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. "रंग तूच बघ. मी निघाले."

गळ्यातलं ओळखपत्र तिने तिथेच ठेवलं. कोणी थांबवलं नाही. एका मुलीने तेवढं खालपर्यंत येऊन तिची पाण्याची बाटली आणून दिली.

तिच्या घरच्या संगणकावर जुना, कोणी हात न लावलेला खेळ होता. तो टॅबलेटवर घालून ती मावशीकडे गेली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"म्हणजे मी या हाताला नाही नाही ते बोलले," शेवटी मावशी म्हणाली, "ते उगाच?"

"उगाच."

"हसत असतील तिथे बसून."

"हसतसुद्धा नाहीत गं. त्यांना तू माहीतच नाहीस."

मावशीचा चेहरा लाल झाला. कचेरीत कोणी आपली चूक तिच्या बोटांवर ढकलली, की व्हायचा तसा. "हसले असते तर परवडलं असतं," ती म्हणाली.

चेंडूबाईने टॅबलेट तिच्यापुढे ठेवला. "हा माझा आहे. यात कोणाचा हात नाही. खेळून बघ."

मावशी खेळली. बोट आधी थोडं बिचकलं, पण विटा पडल्या. शेवटचीही पडली. पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव झाला. चेंडूबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. तिथे काहीच उमटलं नाही.

"जिंकलीस की."

"जिंकले खरी. पण आता मला कसं कळायचं, की तूच मला जिंकवलं नाहीस?"

"मी असं करीन?"

"माझ्यासाठी करशील. म्हणूनच तर विचारतेय."

ओळी उघडून दाखवल्या असत्या तरी मावशीला त्या वाचता येणार नव्हत्या. वाचता आल्या असत्या तरी आता विश्वास कुठून आणायचा? चेंडूबाई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दिवसभराचा संताप तोवर तिने धरून ठेवला होता. तो डोळ्यांतून आला. नोकरी गेल्याचं तिला तितकं वाटलं नाही. तिने आयुष्यात एकच गोष्ट अशी बनवली होती, की जिच्यासमोर बसलेल्या माणसाला आपली चूक आपली आणि आपलं यश आपलं म्हणता यावं. ते त्यांनी चार ओळींत पुसून टाकलं होतं.

डोळे पुसून ती खाली दुकानात गेली आणि रबराचा एक चेंडू घेऊन आली. टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या, चष्मा, टॅबलेट सगळं तिने बाजूला सारलं. एका टोकाला मावशीला बसवलं, दुसऱ्या टोकाला आपण बसली.

"हे काय आता?"

"मी इकडून सोडते. तू अडवायचा. उजव्या हाताने."

"मुद्दाम सोपा सोडायचा नाही."

"नाही सोडणार."

पहिला मावशीने अडवला. दुसराही अडवला आणि परत ढकलला. तिसरा चेंडूबाईने जोरात आणि तिरका सोडला. मावशीचा हात निघाला, उशिरा पोचला, चेंडू तिच्या बोटांजवळून सुटून खाली पडला आणि उड्या मारत कपाटाखाली गेला.

चेंडूबाई अर्धवट उठली. चेहऱ्यावर अपराधी भाव आला होता.

"तशी बघू नकोस," मावशी म्हणाली. तिने आपला हात उलटसुलट करून नीट पाहिला. "हा माझा चुकला. मीच उशीर केला." आणि किती दिवसांनी तिच्या आवाजात कचेरीतली जुनी करडी धार आली. "जा, आण तो. आणि तसाच सोड. अगदी तसाच."

चेंडूबाई जमिनीवर पालथी पडून कपाटाखाली हात घालत राहिली. वर टेबलाच्या कडेवर मावशीचा उजवा हात होता, तळवा उघडा, बोटं जमतील तेवढी पसरलेली.