कपाटावरचा कॅमेरा

खोकं आलं तेव्हा मी दुकानात होते. आईने वॉकर ढकलत दारापर्यंत जाऊन ते घेतलं, आणि मी घरी आले तर मांडीवर ठेवून बसली होती. उघडलं नव्हतं. "बाबूने पाठवलंय," म्हणाली. बाबू म्हणजे माझा धाकटा भाऊ. टक्कल पडायला लागलंय, ऑफिसात हाताखाली माणसं आहेत, गाडी चालवायला ड्रायव्हर आहे, पण आईसाठी बाबूच.

आत काय आहे ते मला ठाऊक होतं. फोनवर त्याने सांगितलं होतं. विचारलं नव्हतं हं, सांगितलं होतं. मी दुकानात असते तेव्हा आई एकटी असते, तिला काही झालं तर कळणार कसं, म्हणून घरात कॅमेरा. मी म्हटलं, अरे, माझं दुकान रस्ता ओलांडला की आहे, मी मधूनमधून येऊन डोकावते. तर म्हणाला, तुझ्यावर संशय नाही गं ताई, पण हल्ली सगळेच लावतात. आता संशयाचं नाव मी काढलं होतं का? त्यानेच काढलं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जाईना.

दुकान म्हणजे तरी काय, एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टूल. चेन बदलायची, पँटची लांबी कमी करायची, कंबर सैल करायची. लोक जाड होतात म्हणून माझं पोट भरतं, असं मी गमतीने म्हणते. लग्न केलं नाही, ते का नाही हा विषय आता कोणी काढत नाही. आई माझ्याकडे आहे की मी आईकडे आहे, हेही कोणी विचारत नाही. घर आईचं, हातपाय माझे.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला वर्ष होत आलं. ऑपरेशनला बाबू आला होता, खोटं कशाला बोलू. बिलं त्यानेच भरली, डॉक्टरांशी फाडफाड बोलला. निघताना आईच्या उशाशी बसून म्हणाला, "वॉकर सुटला की तुला माझ्याकडे घेऊन जातो. लिफ्ट आहे, मोठी बाल्कनी आहे, मस्त बसून राहायचं." बोलायला काय जातं? डॉक्टरांनी त्याच सकाळी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं होतं की या वयात वॉकर आता सुटायचा नाही. तो माझ्या शेजारी उभा राहून ऐकत होता. मान हलवत होता. आणि तरी आत जाऊन तो असं बोलला, आणि मी तिथे उभी असून गप्प बसले, कारण आईचा चेहरा एवढा खुलला होता. त्या दिवसापासून घरात एकच विषय. वॉकर कधी सुटणार.

कॅमेरा जोडायचा दिवस सुट्टीचा ठरला. बाबूची सुट्टी, माझी नव्हे. व्हिडिओ कॉलवर तो सोफ्यावर रेलून बसला होता आणि मी वायर हातात घेऊन जमिनीवर. सगळं त्याच्या खात्यावर घ्यायचं होतं. तुझ्या फोनवर घेतलं तर तू काहीतरी भलतंच दाबशील, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बटण दाबायची अक्कल मला नाही, पण आईला दिवसातून दहा वेळा उठवायची-बसवायची आहे. कॅमेऱ्याला वीज दिली, लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि आई खुर्चीत सरसावून बसली.

पद्धत अशी होती की तो त्याच्या फोनवर आमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड घालणार, त्यातून एक चौकोनी कोड तयार होणार, तो मला पाठवणार आणि मी तो माझ्या फोनवर उघडून कॅमेऱ्यासमोर धरायचा. कोड पाच मिनिटांत बाद होतो. आणि आमचा कॉल चालू त्याच फोनवर. त्यामुळे कोड दाखवताना तो दिसेनासा व्हायचा आणि नुसता आवाज यायचा. वर धर, खाली धर, हात हलवू नकोस, तुझा हात थरथरतोय. माझा हात सुईत दोरा एका झटक्यात ओवतो. थरथरत नव्हता.

पासवर्ड त्याला आठवत नव्हता. आईने खुर्चीतून घडाघडा सांगितला. नेट घेतलं तेव्हा तिच्याच हट्टाने ठेवलेला, त्याचं लाडाचं नाव आणि पुढे त्याची जन्मतारीख. तो हसला, "काय गं आई तू पण." या घरात माझ्या नावाचा साधा पासवर्डसुद्धा नाही, हे मी मनातल्या मनात म्हटलं आणि पुढचा कोड उघडला.

कोड वाचला की कॅमेरा एक आवाज करायचा, थोडा वेळ विचारात पडल्यासारखा गप्प व्हायचा आणि मग त्यातली बाई थंडपणे सांगायची की जोडणी झाली नाही. एकदा झालं, दोनदा झालं. बाबू वैतागला. तू काहीतरी चुकतेयस, म्हणाला. खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. आमच्या राउटरची नेटवर्क दोन, एकाच्या नावापुढे पाच आहे आणि एकाच्या नाही. कागदावर स्वच्छ चित्र काढलेलं, पाचवाल्यावर फुली, म्हणजे ते कॅमेऱ्याला चालत नाही. मी विचारलं, तू कुठलं घेतलंयस? त्याने आपल्या फोनवर काहीतरी खाली-वर केलं. मग म्हणाला, थांब, नवीन कोड पाठवतो. या वेळी लगेच जोडलं. दिवा निळा झाला. तो म्हणाला, "बघ, नीट धरलंस की होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आई एवढी खूश होती की मी गिळलं. कंबरेएवढ्या कपाटावर, आईचा पलंग, खुर्ची आणि स्वयंपाकघराचं दार असं सगळं दिसेल अशा बेताने त्याने तो ठेवायला लावला. चिकटवायची पट्टी होती, पण रंग निघेल म्हणून मी नुसताच ठेवला.

"यातून तो मला कधीही बघू शकतो?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं.

"आणि मी बोललेलं?"

ऐकू जातं म्हटलं. त्याला वाटलं तर तो तिकडून बोलूही शकतो. खोक्यावर तसंच लिहिलं होतं, मी काही मनाचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई बदलली. सकाळी केस नीट विंचरून दे म्हणाली, घरातला मळका गाऊन नको म्हणाली. एरवी दुखलं की कण्हायची, आता कण्हायचं असलं की तोंड भिंतीकडे करायची. कपडे बदलताना मला कॅमेऱ्यावर रुमाल टाकायला लावायची आणि झालं की घाईने काढायला लावायची, त्याला काळजी वाटेल म्हणून. आणि बोलायची. मी दुकानातून डोकावायला आले की दारातूनच ऐकू यायचं. आज ऊन फार आहे रे. पाय बराच बरा आहे. ताई दमते, पण सांगायची नाही, तिचा स्वभावच तसा. हे ऐकून मी एकदा दारातच थांबले. एवढ्या वर्षांत हे ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि बोलली ती त्या कपाटावरच्या डबीशी.

"बोलला का काही?" मी एकदा विचारलं.

"कामात असतो तो," ती म्हणाली. "ऐकतो मात्र सगळं."

फोन मी केला. तो उचलून पहिलं काय म्हणाला, तर आई दिवसभर एवढी हलते कशाला? कोणी हललं की त्याच्या फोनवर सूचना जाते म्हणे, आणि दिवसभर टिंगटिंग चालू. तिला जरा एका जागी बसायला सांग. मी म्हटलं, अरे, उघडून बघ की एकदा काय करते ती. नाही गं, वेळ कुठे असतो, म्हणाला. आणि आवाज? आवाज त्याने पहिल्याच आठवड्यात बंद केला होता. मिटिंगमध्ये चुकून सुरू झाला आणि सगळ्यांसमोर आईचं काहीतरी चाललेलं ऐकू आलं, फार ओशाळवाणं झालं, असं सांगत तो हसला.

मी त्याला विनवलं. माझ्या स्वभावात नाही विनवणं, तरी विनवलं. म्हटलं, ती तुझ्याशी बोलते रे दिवसभर. तुला वेळ नाही ठीक आहे, पण एकदाच ते बटण दाब आणि तिला हाक मार. नुसतं आई म्हण. तिचा महिना जाईल त्याच्यावर. तो म्हणाला, करतो, या रविवारी नक्की. रविवार आला, गेला. त्याने नेहमीसारखा फोन केला, कशी आहेस, बरी आहेस ना, ताईला दे. झालं.

आईला मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं काय? तू बोलतेस ते भिंतीला जातंय? माझी जीभ रेटली नाही. ती मात्र हळूच विचारायची, त्याने बघितलं का गं? काही म्हणाला का? काय बघितलं, हे मी विचारलं की नुसती हसायची. मला वाटलं, केसांचं विचारतेय. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

ते कळलं त्या दिवशी गिऱ्हाईक होतं, कोटाची बाही उसवून बसले होते, त्यामुळे डोकावायला जरा उशीर झाला. दार उघडलं तर खुर्ची रिकामी. वॉकर खुर्चीशेजारी जागच्या जागी. आणि आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाच्या पायथ्याशी, जमिनीवर बसलेली. पाय एका बाजूला. कोपर सोललेलं. पडताना तिने कपाटाची कड धरली असणार, कारण वरचा कॅमेरा फिरून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी खाली बसून आधी खुबा चाचपला. दुखतंय का, इथे, इथे? नाही म्हणाली. पाय हलव म्हटलं, हलवला. मग मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. वॉकर सोडून का उठलीस म्हणून मी ओरडले तिच्यावर.

"रोज चालते मी," ती म्हणाली. "खुर्चीपासून इथपर्यंत. तू दुकानात गेलीस की. त्याला दाखवते. आज परत फिरताना गेला तोल."

म्हणजे एवढे दिवस जी टिंगटिंग त्याला नको होती ती ही होती. माझी आई, मोडलेल्या खुब्याने, कशाचा आधार न घेता त्याच्याकडे चालत येत होती.

तेवढ्यात कपाटावर खट्ट झालं. आणि बाबूचा आवाज आला, अगदी खोलीत उभा असल्यासारखा.

"ताई, कॅमेरा भिंतीकडे झालाय बघ. जरा सरळ कर ना. समोर काहीतरी आडवं आलंय असे सारखे मेसेज येतायत."

आईने पटकन हाताने केस सारखे केले. जमिनीवर बसल्या बसल्या मान वर केली. तिचा चेहरा मी काय सांगू. ऑपरेशननंतर तो उशाशी बसला होता तेव्हा झाला होता तसा.

"बाबू," ती म्हणाली. "जेवलास का रे?"

वर परत खट्ट झालं. ती थांबली. मीही थांबले, देवाशपथ सांगते, मलाही वाटलं आता बोलेल. थोडा वेळ गेला. आई तशीच मान वर करून वाट बघत होती, आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"त्याला ऐकू जात नाही, आई. त्याने आवाज बंद करून ठेवलाय. पहिल्या आठवड्यापासून. आणि तुझं चालणंही त्याने एकदाही उघडून बघितलेलं नाही."

बोलून बसले. एवढे दिवस जे जपलं ते असं जमिनीवर बसून तिच्या तोंडावर फेकलं. आईने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. कोपरावर रक्ताचा एक थेंब जमला होता, तो बोटाने पुसला आणि बोट गाऊनच्या आतल्या बाजूला पुसलं, दिसू नये असं.

"आधी मला वर बसव," ती म्हणाली. "मग फिरव ते."

मला तो कॅमेरा उचलून भिंतीवर आपटावासा वाटत होता. वायर ओढून काढावीशी वाटत होती. मी तिच्या काखेत हात घातला, तिला खुर्चीपर्यंत आणलं, बसवलं. गाऊन नीट केला. सोललेलं कोपर तिने स्वतःच मांडीआड घेतलं. मग मी कपाटापाशी गेले आणि कॅमेरा तिच्याकडे वळवला.

ती ताठ बसली आणि त्याच्याकडे बघून हसली. बोलली मात्र काहीच नाही.