तांडेलसाठी एक रिकामा बांबू

तांडेल पहिला आला.

हे वाक्य आता विसरून जावं. आयोजकांनी ते अधिकृतपणे विसरायचं ठरवलं आहे, आणि आपण एकट्याने लक्षात ठेवून कोणाचं भलं होणार आहे? तेव्हा तांडेल कुठेही आलेला नाही, असं धरून सुरुवात करू.

"मार उडी!" भागोजी ओरडला.

बोंबील सुकवायच्या मैदानातले कावळे उडाले. धक्क्यावर जाळं विणत बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली. आणि ज्याने उडी मारायची, तो तांडेल नावाचा तपकिरी कुत्रा पोट जमिनीला घासत पालथ्या घातलेल्या होडीखाली शिरला.

"काका, वादळ आलंय काय?" शेजारची सोनल म्हणाली.

"मी हलूच बोल्लो."

त्याच्या हिशोबाने ते खरं होतं. भागोजीचा जन्म होडीवर इंजिनाशेजारी गेला. तिथे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. होडी चालवणारा तो तांडेल. भागोजीला तांडेल व्हायचं होतं, पण तो खलाशीच राहिला. पुढे कान अर्धे गेले, मग मालकाने होडी विकली, मग बायको गेली. रेवदंड्याच्या घरात कोणीतरी तांडेल असावा म्हणून त्याने ते पद कुत्र्याला दिलं. कुत्र्याने नम्रपणे स्वीकारलं.

मुलगी प्राप्ती उलव्याला सातव्या मजल्यावर राहायची. रोज फोन करून म्हणायची, "बाबा, एकटा नको राहूस, इकडं ये." भागोजी म्हणायचा, "तांडेल येल तं मी येन." तिच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं, बाहेरून कुत्रा आणायचा तर तो शिकलेला असल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. रेवदंड्याच्या कुत्र्याकडे ते कधी असणार नाही, या विश्वासावरच त्यांनी हा नियम केला असावा.

सोनल मांडव्याकडच्या एका फार्महाऊसवर कामाला होती. तिथे मोठ्या लोकांचे कुत्रे सुट्टीला येत. आडव्या दांड्यांवरून उड्या मारणं, बोगद्यातून पळणं, असले खेळ ती त्यांच्याकडून करून घ्यायची. तिथेच स्पर्धा होती. पहिला येईल त्याला सर्टिफिकेट.

"पण सर्टिफिकेट डोक्यातून काढा," सोनल म्हणाली. "हा खेळ हाय, काका. त्याला मजा आली पाह्यजे. तुमच्या कपाळावरची आठी बघूनच त्याला घाम फुटतो."

"आठी जन्माची हाय."

"मग टोपी घाला."

भागोजीने टोपी घातली, भुवयांपर्यंत.

मासेमारी बंद होती, त्यामुळे मैदान ओस होतं. बोंबील टांगायचे बांबू रिकामे, माशी नाही, माणूस नाही. सर्वांत खालचा बांबू गुडघ्याइतका उंच. ती झाली उडी. तळ कापलेलं निळं पिंप आडवं टाकलं; तो झाला बोगदा. सोनलचे नियम सोपे होते. आवाज हळू. एक उडी झाली की आराम. कुत्र्याला नको असेल तर घरी जायचं.

शेवटचा नियम भागोजीने तिला पुन्हा सांगायला लावला. नको वाटलं म्हणून घरी जाता येतं, हे त्याला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशीची त्याची कुजबुज रेशन दुकानापर्यंत ऐकू गेली. दुसऱ्या आठवड्यात ती गल्लीच्या तोंडाशी थांबली. मग एका संध्याकाळी तांडेल कोणी न सांगता उठला, बांबूवरून गेला, पिंपातून बाहेर आला आणि शेपटी हलवत समोर उभा राहिला.

"बरं झालं," भागोजी म्हणाला. इतकं हळू, की त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. तांडेलला आलं. तो मागे वळला आणि परत उडी मारून आला.

टोपीखाली भागोजी हसत होता. सोनलने बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या रात्री फोन आला.

"बाबा, असा काय बोलतोस? आवाज कुठं गेला?"

"बरा हाय गो," भागोजी हळूच म्हणाला. तांडेल पायावर डोकं टेकून झोपला होता.

"छातीत दुखतंय?"

"न्हाय."

बापाचा असा आवाज प्राप्तीने आधी एकदाच ऐकला होता, आई गेली त्या दिवशी. ती रडायला लागली. "मी काय ऐकत न्हाय. रविवारी न्यायला येते."

एक आरोळी ठोकली असती तर तिची खात्री पटली असती. भागोजीने तोंड उघडलंही. मग पायाकडे बघितलं आणि मिटलं.

स्पर्धा रविवारीच होती.

नव्या जागी कुत्रा बावरू नये म्हणून ओळखीची वस्तू सोबत न्या, असं सोनलने सांगितलं होतं. बाकीच्यांनी उशा आणल्या, चादरी आणल्या. भागोजीने टेम्पोतून मैदानातले सहा बांबू आणले.

आयोजक विनिता मॅडमना बांबू फारच आवडले. "किती गावरान!" म्हणत त्यांनी आपले प्लास्टिकचे पाइप बाजूला केले आणि हिरवळीवर बांबू लावायला सांगितले. सोनल "मॅडम, वास—" म्हणाली, पण मॅडम फोटो काढत होत्या.

बोंबलाचा वास पावसाने जात नाही. उलट रेवदंड्यात पावसालाच तो थोडा लागतो.

मुंबईहून आलेला पहिला लॅब्राडोर जोरात धावत सुटला, पहिल्या बांबूपाशी थांबला आणि चाटायला लागला. दुसऱ्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याने बांबू तोंडात धरून तिथेच डोळे मिटले. तिसऱ्याला मालकिणीने उचलून नेलं, तर बांबूही सोबत गेला. एका उद्योगपतीचा जर्मन कुत्रा बांबूला मिठी मारून रडला.

बांबू पुन्हा जागेवर लावले. तांडेलला त्या वासाचं काय कौतुक? तो त्याच वासात जन्मला होता. टोपीवाल्या माणसाने काहीतरी म्हटलं, जे इतर कोणालाच ऐकू आलं नाही, आणि तो निघाला. सहा उड्या, बोगदा, आणि पायाशी येऊन बसला.

टाळ्या वाजल्या. मालक लोकांची बैठक बसली. मग विनिता मॅडम माइकवर आल्या. मैदानात बाहेरचा वास शिरल्यामुळे आजची स्पर्धा झालीच नाही, असं सर्वांनी समजावं.

"मॅडम, निदान भाग घेतल्याचं तरी सर्टिफिकेट द्या," सोनल म्हणाली.

"जी स्पर्धा झालीच नाही, त्यात भाग कसा घेतला?" मॅडमनी विचारलं. सोनलने बांबू टेम्पोत भरायला घेतले.

फाटकाबाहेर प्राप्ती गाडी घेऊन उभी होती.

"काय झालं, बाबा?"

"पयला आला."

"मग कागद?"

"खेल झालाच न्हाय," भागोजी म्हणाला. मग तिचे रडून सुजलेले डोळे बघून त्याने तांडेलला सोनलकडे सोपवलं आणि तो गाडीत बसला. तांडेलने फाटकाच्या आडव्या दांडीवरून एक सुंदर उडी मारली आणि बक्षिसाच्या शब्दासाठी काचेकडे बघत उभा राहिला. काच वर होती.

आता भागोजी सातव्या मजल्यावर असतो. इतका सभ्य, हळू बोलणारा म्हातारा सोसायटीने पाहिला नव्हता. सेक्रेटरी सगळ्यांना त्याचं उदाहरण देतात. जुना आवाज तो एकदा गच्चीवर जाऊन शोधून आला. मिळाला नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, ऊन पडलं, आणि खालपासून वरपर्यंत सगळे बांबू बोंबलांनी भरले. सोनल तांडेलला सकाळी जेवण घालते आणि कामाला जाते. संध्याकाळी तो धावत खालच्या बांबूपर्यंत येतो. तिथे मासळी लटकत असते. तो थांबतो, बसतो, अंधार पडला की उठतो.

हे सोनलने फोनवर सांगितलं, तेव्हा भागोजीने प्राप्तीला मोबाइलवर लिहायला बसवलं. ती मधेच दोनदा थांबली, पण लिहिलं.

*मा. अध्यक्ष, मच्छीमार सहकारी सोसायटी, यांस. विषय: बांबू मोकळा ठेवणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सुकवणीच्या मैदानातील खाडीकडचा सर्वांत खालचा बांबू हंगामात मासळी न टांगता रिकामा ठेवण्यात यावा. तसेच रोज संध्याकाळी सोसायटीच्या एका सभासदाने टोपी घालून तेथे बसावे. काही काम करू नये. कुत्र्याने उडी मारल्यास, फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात, 'बरं झालं' असे म्हणावे. न मारल्यास त्यास घरी न्यावे.*